मशीन तेच, साबण तोच, मग मे महिन्यातच दागिने का निघत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या इतवारीत दागिने पॉलिश करण्याचं छोटं दुकान. तीन लिटरचं, ४० किलोहर्ट्झचं, १२० वॉटचं, हीटर असलेलं अल्ट्रासॉनिक मशीन. डिसेंबर-जानेवारीत पॉलिशची लाल घाण तीन-चार मिनिटांत निघायची. मे लागल्यापासून दहा-बारा मिनिटं ठेवूनही साखळीच्या कड्यांत काळं राहतं. हीटर ६० वरून ८० वर नेला, साबण दुप्पट केला, तरी फरक नाही. बाष्पीभवनानं पाणी कमी झालं की बोअरचं पाणी वरून टाकलं जातं. विक्रेता म्हणतो १८० वॉटचं घ्या. घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. तीन लिटरला १२० वॉट म्हणजे लिटरमागे ४० वॉट. लहान टाकीच्या अशा कामाला लिटरमागे १५ ते २५ वॉटही पुरतात, म्हणजे शक्ती तुमच्याकडे आधीच मुबलक आहे. तुमचा खरा प्रश्न मशीनची ताकद किती हा नसून ती ताकद पाण्यात गेल्यावर कुठे वाया जाते हा आहे. मशीन फक्त आवाज देतं. घाण काढणारी पोकळी पाणी तयार करतं, आणि पाण्याची तब्येत ऋतूप्रमाणे बदलते.

आधी ती पोकळी समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवलेले ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर कंप पावणारे तुकडे, सेकंदाला ४० हजार वेळा पाणी दाबतात आणि ओढतात. ओढीच्या क्षणी दाब इतका उतरतो की पाणी जागोजागी फाटतं आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची पोकळी उघडते. पुढच्या दाबाला ती कोसळते. धातूच्या पृष्ठभागाजवळ ती सगळीकडून सारखी मिटत नाही. पाण्याची बारीक धार पृष्ठभागाच्या दिशेनं आत घुसते आणि घाणीवर आदळते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पोकळी जितकी रिकामी, तितका कोसळण्याचा फटका जोरदार. आत हवा किंवा वाफ भरलेली असेल तर ती उशीसारखी दबते आणि फटका मऊ पडतो. टाकीतून वर येताना जे बुडबुडे डोळ्यांना दिसतात ते हवेचे असतात, काम करणारे नव्हेत. उलट ते आवाज शोषतात. पुष्कळांना बुडबुडे दिसले की मशीन जोरात चाललंय असं वाटतं, तिथेच गडबड सुरू होते.

हवेपासून सुरू करतो. नळातून, बादलीतून धार धरून ओतलेल्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असतेच, ओतताना आणखी मिसळते. २५ अंशांना एक लिटर पाणी साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं, ६० अंशांना ५ पेक्षा कमी. म्हणजे पाणी तापलं की जास्तीची हवा बाहेर पडायला बघते. आवाजाचे धक्के तिला एकत्र करून वर आणतात. हे होईपर्यंत मशीनची बरीचशी मेहनत हवा हलवण्यात जाते. म्हणून दागिना न टाकता आधी १० मिनिटं मशीन नुसतं पाण्यावर चालवायचं. डीगॅसचं, म्हणजे हवा काढायचं बटण असेल तर ते वापरा, त्यात आवाज थांबून-थांबून येतो आणि मधल्या उसंतीत बुडबुडे वर निघून जातात. बटण नसेल तर हातानं अर्धा मिनिट चालू, दहा सेकंद बंद असं करा. हवा गेली हे कानाला कळतं. सुरुवातीचा फुसफुसता, चढ-उतार असलेला आवाज जाऊन एकसारखा, कोरडा, तळणीतल्यासारखा चरचराट येतो. पृष्ठभागावर मोठे बुडबुडे येणंही थांबतं.

पण थंड पाण्यात हवा जास्त मावते, मग या हिशेबानं हिवाळ्यात काम बिघडायला हवं होतं. ते का बिघडलं नाही, यातच तुमचं उत्तर दडलेलं आहे. आकडेमोड करून बघा. जानेवारीत सकाळी पाणी १८ अंशांच्या आसपास. ते ६० ला न्यायचं तर तीन लिटरला साधारण ५२५ किलोज्यूल उष्णता लागते. या आकाराच्या मशीनमध्ये बहुतेक १०० वॉटचा हीटर असतो. तो आणि १२० वॉटचा आवाज, सगळी शक्ती पाण्यात उतरते असं धरलं तरी ४० मिनिटं लागतात, प्रत्यक्षात जास्तच. त्या वेळात पाण्यातली हवा आपोआप निघून जायची. तुम्ही वेगळं काही न करता पाणी तयार होत होतं. आता मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ४० अंशांचं येतं. ते वीसेक मिनिटांत ६० ला पोहोचतं, आणि गरम लागतंय म्हणून माल तर त्याआधीच पडतो. हवा बाहेर पडायला जो वेळ हिवाळा फुकट देत होता तो उन्हाळा देत नाही.

दुसरा दोष ८० चा. पाणी गरम केल्यानं कॅव्हिटेशन सुधारतं, पण एका मर्यादेपर्यंतच. तापमानाबरोबर पाणी पातळ होतं. २० अंशांपेक्षा ६० अंशांना त्याचा चिकटपणा निम्म्याहून कमी असतो. पृष्ठताण थोडा उतरतो, हवा कमी होते. हे सगळं पोकळी सहज उघडायला मदत करतं. पण त्याच वेळी वाफेचा दाब चढत असतो. २० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या २ टक्के, ६० ला २० टक्क्यांच्या आसपास आणि ८० ला जवळजवळ निम्मा. म्हणजे ८० अंशांच्या पाण्यात पोकळ्या भरपूर होतात, पण प्रत्येकीत वाफेची उशी असते. फेस दिसतो, मार लागत नाही. नुसत्या पाण्यात सगळ्यात चांगलं काम साधारण ५५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात मिळतं, साबणाच्या पाण्यात ५० ते ६५ मध्ये. तुम्ही हीटर वाढवला तेव्हा डोंगर चढून पलीकडच्या उतारावर गेलात.

शिवाय हीटरचा आकडा म्हणजे पाण्याचं तापमान असं समजू नका. १२० वॉट तीन लिटरमध्ये उतरले तर दर मिनिटाला अर्ध्या अंशाहून थोडं जास्त चढतं, अर्ध्या तासात १५ अंशांच्या वर. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, पाणी थंड करू शकत नाही. दुपारी दुकानातच ४२ अंश असतील तर उष्णता बाहेर जायलाही वाव नाही. हीटर ६० वर ठेवलेलं मशीन सलग चालवलं तर पाणी सत्तरच्या पुढे सहज जातं. म्हणून उन्हाळ्यात हीटर ५० वर ठेवा, किंवा एकदा पाणी तापलं की बंदच करा. मशीन थांबवून, पाणी ढवळून साध्या काचेच्या थर्मामीटरनं मोजा. बऱ्याच मशीनमध्ये सेन्सर टाकीच्या भिंतीला बाहेरून लावलेला असतो, त्याचं वाचन आणि मधल्या पाण्याचं तापमान यांत फरक पडतो.

इथे एक गोष्ट तुमच्या मालावर अवलंबून आहे, मला ती इथून दिसत नाही. पॉलिशच्या लाल रूजमध्ये मेण-चरबी असते, ती ५५-६० ला मऊ होऊन सुटते. अंगावरचा मळ आणि तेल ४५-५० ला निघतं. पण मंगळसूत्राच्या वाट्या, ठुशीचे मणी पोकळ करून आत लाख भरलेली असेल, किंवा कुंदनाचं काम असेल, तर गरम पाण्यात लाख मऊ पडते आणि हादऱ्यांनी खडा हलतो. असा माल या टाकीत घालूच नका. मोत्यांची नथ, पोवळं, पाचू, ओपल, फिरोजा यांनाही अल्ट्रासॉनिक कोणत्याही तापमानाला वर्ज्य. कॅव्हिटेशन सुधारलं की हा धोका वाढतो, म्हणून पुढचं सगळं करण्याआधी माल वेगळा काढा.

आता पाणी भरत राहण्याविषयी. माझ्या मते तुमच्याकडचा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. मे महिन्यातली नागपूरची हवा कोरडी, झाकण उघडं, पाणी ६०-७० अंशांना. दिवसभरात पातळी चांगलीच उतरते. उडून जातं ते शुद्ध पाणी. क्षार आणि साबण मागे राहतात. त्यावर तुम्ही बोअरचं पाणी ओतता, म्हणजे पुन्हा क्षार. आठवडाभर असं चाललं की मूळ पाण्याच्या कितीतरी पट कठीण पाणी टाकीत तयार होतं. विरघळलेल्या क्षारांनी कॅव्हिटेशन थेट फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्यांच्या वागण्यानं. कठीण पाण्यातला बायकार्बोनेट तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुना तळाला बसतो. म्हणजे एकीकडे पाण्यात नवा वायू, दुसरीकडे ट्रान्सड्यूसरच्या नेमक्या वर पांढरा थर. साधा साबण असेल तर तो कॅल्शियमशी मिळून चिकट साका धरतो. तो कड्यांत जाऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं घाण निघाली नाही. शिवाय दर वेळी वरून ओतलेलं पाणी नवी हवा घेऊन येतं.

उपाय साधा आहे. भरायला आरओचं पाणी घ्या, तीन लिटरचाच प्रश्न आहे. ते मिळालं नाही तर नळाचं पाणी उकळून, गार करून, वरचं निवळलेलं घ्या. उकळताना चुनाही बसतो आणि हवाही जाते. पातळी उतरली की आरओचंच पाणी, टाकीच्या कडेनं हळू सोडा, आणि नंतर तीन-चार मिनिटं माल न घालता चालवा. काम नसेल तेव्हा झाकण ठेवा. पातळी खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. पाण्याची उंची बदलली की ट्रान्सड्यूसरवरचा भार आणि लाटांची जागा बदलते, आणि कोरड्यावर चाललं तर ट्रान्सड्यूसरच निकामी होतो.

तळाला थर दिसत असेल तर तीन लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. ते घालून अर्धा तास ठेवा, मधे दोन-तीन मिनिटं मशीन चालवा, मग दोनदा धुवा. संडास साफ करायचं ॲसिड किंवा ब्लीच अजिबात नको, त्यातल्या क्लोराइडनं स्टीलच्या टाकीला बारीक खड्डे पडतात. तळाचा गाळ मात्र फेकू नका. कापडातून गाळून साठवा, पॉलिशच्या गाळात सोनं असतं आणि झारेकऱ्याकडे त्याची किंमत येते. तो टाकीत राहिला तर आवाज शोषण्यापलीकडे काही करत नाही.

साबण दुप्पट केल्यानं का फायदा झाला नाही? साबणाचं काम पाण्याचा पृष्ठताण उतरवणं आणि सुटलेली घाण धरून ठेवणं. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, थोड्या साबणानं तो ३०-३५ वर येतो आणि पाणी कड्यांच्या फटीत शिरतं. त्यानंतर कितीही घाला, पृष्ठताण आणखी उतरत नाही. फक्त फेस आणि चिकटपणा वाढतो. तीन लिटरला १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक टक्का पुरेसं. कमी फेसाचं, अल्ट्रासॉनिकसाठीचं द्रावण घ्या. रिठ्याचं पाणी ब्रशनं घासायला उत्तम, सोन्याला त्यासारखं मऊ काही नाही. टाकीत मात्र ते प्रचंड फेस करतं आणि गराचे कण पाण्यात तरंगत राहतात. खायचा सोडा आणि लिंबू एकत्र घालण्याचा घरगुती प्रयोगही टाळा, त्यातून वायूच सुटतो आणि आपण सगळी धडपड वायू काढण्यासाठी करतोय.

माल ठेवण्याची पद्धत दोन ओळींत संपते, पण चुका इथेच जास्त होतात. साखळ्या गोळा करून बास्केटमध्ये टाकल्या तर बाहेरच्या साखळ्या आतल्यांना आडोसा करतात. तारेच्या हुकाला एकेक लोंबती सोडा, मिनिटा-मिनिटाला थोडं हलवा. प्लास्टिकची बास्केट आवाज खाते, स्टीलची, साधारण ६ मिलिमीटर किंवा जास्त भोकांची जाळी वापरा. तळावर थेट काहीही ठेवू नका. बारीक सुटा माल, फुल्या, खडे नसलेली कर्णफुलं पातळ काचेच्या बीकरमध्ये द्रावण घालून टाकीत लोंबते ठेवा. काचेतून आवाज चांगला जातो आणि टाकीतलं मुख्य पाणी स्वच्छ राहतं. बीकरमधल्या द्रावणाचीही हवा आधी काढायची असते हे विसरलं जातं.

वीज हा उन्हाळ्याचा आणखी एक हिशेब. साध्या मशीनमधला जनरेटर, म्हणजे ट्रान्सड्यूसरला वीज पुरवणारा भाग, विजेचा दाब सांभाळून घेत नाही, त्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर शक्ती पाऊण पटच उरते. बाजारात दुपारी सगळ्यांचे कूलर-एसी चालू असताना हे घडणं अवघड नाही. मल्टिमीटरनं सकाळी आणि दुपारी चार वाजता, मशीन चालू असताना सॉकेटवर मोजा. दुपारी २१० च्या खाली जात असेल तर पैसे स्टॅबिलायझरवर घाला, १८० वॉटच्या मशीनवर नको. तेही त्याच दाबावर तेवढंच मंदावेल.

वारंवारतेबद्दल फार बोलत नाही, कारण ती तुम्हाला बदलता येत नाही. २५-२८ किलोहर्ट्झला पोकळ्या मोठ्या आणि फटका जड असतो, हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांत यंत्राच्या भागांवरची काजळी काढायला तो ठीक. ८० च्या पुढे बारीक आणि सौम्य. दागिन्यांना ४० योग्यच आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर असल्यानं हवेचा दाब तीन-चार टक्के कमी असतो, त्याचा इथे विचारही करू नका.

आता तपासणी. घरातली पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या, दर वेळी त्याच रोलची. टाकीच्या लांबीएवढा तुकडा कापा, सुरकुती न पाडता लांबीला समांतर, उभा, मधोमध धरा. खालची कड तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवी. हवा काढलेलं, ५५ अंशांचं, नेहमीइतकं साबण असलेलं पाणी, पातळी खुणेवर. मशीन ४० सेकंद चालवा, हात पाण्यात घालू नका. फॉइल काढून उजेडाकडे धरा. चांगल्या टाकीत सगळीकडे बारीक टोचे आणि काही ठिकाणी भोकं दिसतात. साधारण १९ मिलिमीटर अंतरानं आडवे पट्टे दिसले तर घाबरू नका, ४० किलोहर्ट्झच्या आवाजाची पाण्यातली अर्धी लहर तेवढीच असते. स्वीप, म्हणजे वारंवारता थोडी वर-खाली करत राहण्याची सोय, नसलेल्या मशीनमध्ये हे पट्टे ठळक येतात आणि म्हणूनच माल हलवत राहायचा असतो. तपासणीनंतर ते पाणी बदला, फॉइलचे कण दागिन्यांवर बसतात.

ही तपासणी दोनदा करा. एकदा आज आहे त्या पाण्यात, ८० अंश, दुप्पट साबण, जसं चालतं तसं. मग टाकी रिकामी करून, तळ साफ करून, आरओचं पाणी, २० मिलिलिटर द्रावण, १० मिनिटं हवा काढून, ५५ अंशांना. दोन्ही तुकडे शेजारी ठेवलेत की फरक हातातच येईल. दुसरा तुकडा चांगला आला, तरी साखळी काळी राहत असेल, तर दोष माल ठेवण्यात किंवा साबणाच्या जातीत आहे. हीच तपासणी सकाळी आणि दुपारी केली आणि सकाळचा तुकडा चांगला, दुपारचा फिका आला तर वीज किंवा तापमान. आणि दोन्ही वेळा टाकीचा एक अर्धा भाग पूर्ण कोरा राहिला तर मात्र मशीनच दोषी. १२० वॉटच्या टाकीला बहुतेक ६० वॉटचे दोन ट्रान्सड्यूसर असतात, त्यातल्या एकाचा गोंद सुटलेला किंवा तार तुटलेली असते. सतत ८० अंशांवर चालवल्यानं तो गोंद सुटतो, हेही एक कारण आहे तिथून खाली येण्याचं. तेवढा एक ट्रान्सड्यूसर पुन्हा चिकटवून मिळतो, त्यासाठी अख्खं मशीन बदलावं लागत नाही.

चांगल्या आलेल्या तुकड्यावर तारीख, तापमान आणि व्होल्ट लिहून तो वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या मे महिन्यात काम मंदावलं की त्याच पद्धतीनं नवा तुकडा काढून त्याच्याशेजारी ठेवा.